पानांच्या अंघोळीचं शेवटचं पाणी

प्रिय वहिनी,

आधी बातमी सांगते, मग ती कोणी दिली ते. तुझ्या बुरशीने ते द्रव्य पुन्हा तयार केलं. काल दुपारी प्रयोगशाळेतून सेल्वीचा फोन आला आणि संध्याकाळी तुझ्या सरांनी स्वतः दुजोरा दिला. आलेखावर कित्येक महिने नुसती सपाट रेघ येत होती, तिथे तुझा तो उंचवटा परत दिसतो आहे. लहान आहे, पण नेमका त्याच जागी आहे.

फोन ठेवला आणि मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळून ‘वहिनी’ अशी हाक मारली. आईने भाजी चिरताचिरता मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. म्हणून हे पत्र. बातमी ज्याची, त्यालाच कळवायची राहून गेली, असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण थोरल्या भावाची बायको. मी तुला वहिनी म्हणायचे आणि अगं-तुगं करायचे. तू मला वन्सं म्हणायचीस आणि अहो-जाहो करायचीस, तेही अर्धं चिडवायला. वेलचेरीच्या आपल्या इमारतीत ते माझं नावच आहे असं समजून वॉचमन मला वन्सम्मा म्हणायला लागला. अजून म्हणतो. तुझ्यामागे चालू राहिलेल्या गोष्टींत ही एक.

तुझं काम मला चारचौघांत सांगता यायचं आणि त्याचीच तुला धास्ती वाटायची. झाडाच्या पानात, झाडाला काही इजा न करता बुरशा राहतात. त्या काय काय द्रव्यं बनवतात आणि त्यातलं एखादं कर्करोगाच्या पेशींना रोखतं का, हे तू शोधायचीस. सदाफुलीतून कर्करोगावरची औषधं केव्हाच निघाली आहेत. तुझं लक्ष तिच्या पानात राहणाऱ्या भाडेकरूंवर होतं. तुझ्या बुरशीच्या अर्काने पहिल्यांदा बशीतल्या पेशींची वाढ रोखली, त्या रात्री मी जेवताना उत्साहाने मथळा सुचवला. तू हातातला घास तसाच ठेवलास.

“वन्सं, बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. ‘औषध सापडलं’ असं तुमच्या पेपरात आलं ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही.”

आलं नाही, वहिनी. मी येऊ दिलं नाही. तरी तू बोलत नाहीसच.

सदाफुलीला इथे तमिळमध्ये नित्यकल्याणी म्हणतात. तिचं दुसरं नाव तूच मला सांगितलंस, सुडुकाट्टु मल्ली, स्मशानातला मोगरा. तिथे ती आपोआप वाढते, कोणी तोडत नाही, कोणी केसांत माळत नाही. तुला तशीच हवी होती. जिला कोणी पाणी घातलेलं नाही, जिच्यावर काही फवारलेलं नाही. स्कूटर माझी, म्हणून नेण्याआणण्याचं काम माझं. पहिल्यांदा मी स्मशानाच्या फाटकाबाहेर हेल्मेट घालूनच उभी राहिले, ओळखीच्या कोणी बघू नये म्हणून. दुसऱ्यांदा पिशवी धरायला माणूस हवं म्हणून तू मला आत नेलंस. पुढे सगळी गुलाबी फुलांची गर्दी होती. ती ओलांडून तू थेट दाहिनीच्या मागच्या भिंतीशी गेलीस. तिथे पांढऱ्या फुलांचं एकच झुडूप होतं. तू एक पान उन्हात धरून बघितलंस आणि हळूच त्यालाच विचारलंस, घेऊ का? मला हसू आलं होतं. स्मशानात हसू आलं म्हणून नंतर लाजही वाटली.

घरी दारात आई उभी. दोघी आधी अंघोळीला, कशाला हात लावायचा नाही. आणि पानं मात्र बिनअंघोळीची थेट फ्रिजमध्ये, दह्याशेजारी. यावर तिने जे तोंड सोडलं ते तुला आठवत असेल. तू तिला शांतपणे समजावलंस, की उद्या पानांनाही अंघोळ आहे. आधी स्पिरिट, मग ब्लीच, मग स्वच्छ पाणी, पुन्हा पुन्हा. शेवटी धुतलेलं पाणीसुद्धा टाकायचं नाही, ते वेगळ्या बशीत ठेवायचं. त्या बशीत काही उगवलं तर अंघोळ नीट झालेली नाही. ती बशी कोरी राहिली, तरच पानातून जे बाहेर येईल ते आतलं म्हणायचं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, “असं असेल तर मेधाच्या शेवटच्या पाण्याचीही एक बशी ठेव. ही पाच मिनिटांत बाहेर येते.”

त्याच वर्षी शहरात पुराचं पाणी शिरलं. वीज गेली ती दिवसचे दिवस आली नाही, आणि प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये जपलेला तुझा साठा गेला. पाणी ओसरलं तेव्हा तुला ताप भरला. डेंग्यू. आठवड्याच्या आत आम्ही तुला घेऊन त्याच फाटकातून आत शिरलो.

दादा पुढे होता. मी मागच्या भिंतीकडे बघितलं. पांढरी फुलं होती. वहिनी, मला तुझा राग आला. एवढ्या मोठ्या शहरात पानं तोडायला तुला दुसरी जागा मिळाली नव्हती का? जिथे मला हसू आलं तिथेच तुला सोडून यायचं, हे मला कसं जमणार होतं?

सेल्वीने तुझ्या बुरशीच्या काही नळ्या वाचवल्या होत्या. त्यांच्यावर तुझ्या नावाची अक्षरं आहेत, म्हणून प्रयोगशाळेत त्या बुरशीलाच मॅडम म्हणू लागले. तुझी ही विद्यार्थिनी मला अधूनमधून फोन करायची. मॅडम छान वाढताहेत. मॅडमना आज नवीन बशीत हलवलं. मी बरं म्हणायचे, आणि हातावर काटा यायचा. मग एके दिवशी ती म्हणाली, “अक्का, मॅडम गप्प झाल्यात.”

बुरशी जिवंत होती, पांढरीशुभ्र वाढत होती, पण ते द्रव्य बनवत नव्हती. झाडापासून सुटून बशीतून बशीत फिरत राहिली की असं होतं म्हणे. सरांनी थोडी मुदत दिली. त्यानंतर काम बंद, आणि नळ्या मोठ्या कुकरमध्ये घालून वाफेने मारून टाकायच्या, ही तिथली रीतच आहे. हे मी घरी सांगितलं तेव्हा दादा कामावर जायला, ओरगडमच्या बससाठी बूट घालत होता. लेस बांधायचा थांबला. नळ्यांवर तिचं नाव असतानाच का, एवढंच त्याने विचारलं.

सेल्वीच्या मनात एक उपाय होता. बुरशीच्या खाद्यात तिच्याच झाडाच्या पानांचा अर्क घालून बघायचा. नर्सरीतल्या सदाफुलीने काही झालं नाही. ज्या झुडपातून बुरशी काढली होती तेच हवं. पण सेल्वीला दिवस गेले आहेत, तिची सासू तिला त्या रस्त्यानेसुद्धा जाऊ देत नाही. बरोबरच्या मुलांना पाठवलं तर ती पुढची गुलाबी घेऊन आली. पांढरं झुडूप तुम्हीच बघितलंय, अक्का, असं ती म्हणाली. मी कामाची सबब सांगितली. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितली.

पाणी शिरलं होतं तेव्हापासून दादाच्या कपाटामागची भिंत ओली आहे. त्या आठवड्यात मी कपाट सरकवलं, तर भिंतीवर बुरशीची करडी वर्तुळं धरलेली. एकात एक, कडेला पांढरी. मी ब्लीचचं फडकं घेऊन आले आणि हात उचलला. लोणच्याला बुरी आली तरी तू कशी धावत यायचीस, थांबा वन्सं, आधी मला बघू द्या! आवाज आला असं मी म्हणणार नाही. न ऐकलेलं मी कधी लिहिलेलं नाही. पण हात थांबला. फडकं वाळेपर्यंत मी त्या भिंतीसमोर बसून होते. तू कुठून बघत होतीस?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. फाटकाशी हेल्मेट काढलं. तिथल्या राखणदाराला काय सांगायचं ते तमिळ वाक्य मी वाटेत घोकलं होतं, प्रयोगशाळा, पानं, परवानगी. त्याने माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, “यारुक्कु, अम्मा?” कोणासाठी?

घोकलेलं सगळं राहिलं. तोंडातून निघालं, “अण्णिक्कु.” वहिनीसाठी.

तो बाजूला झाला. 

झुडूप होतं. तुझ्यासारखं पान उन्हात धरलं. त्यात काय बघायचं असतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला शिरा दिसल्या, आणि त्यांच्यामधलं हिरवं. तुला त्या हिरव्यात कोणीतरी राहताना दिसायचं का? विचारलं मात्र, घेऊ का. या वेळी हसू आलं नाही.

घरी दारात आई. मी चपला काढून, हात अंगापासून दूर धरून उभी राहिले. ती आत वळली. फ्रिजपाशी गेली. दह्याशेजारचा तुझा कोपरा तिने अजून रिकामा ठेवला आहे, तिथे ती वाटीसुद्धा सरकू देत नाही. दार उघडून म्हणाली, “आधी तिचं ठेव. मग जा अंघोळीला.”

त्या दिवशी मला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. शेवटचा तांब्या ओतला आणि वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. त्याची बशी ठेवली असती, तर त्यात काय उगवलं असतं गं?

तर, सेल्वीने त्या पानांचा अर्क खाद्यात घातला, मॅडम पुन्हा बोलल्या, आणि बातमी ही अशी आली. सर म्हणाले, एकदा झालं म्हणजे झालं असं नाही; पुन्हा करून बघू, तोवर कोणाला सांगू नका. तू हेच म्हणाली असतीस. उंचवटा परत आला म्हणून नळ्यांची मुदत मात्र त्यांनी वाढवली आहे. सेल्वीने मी आणलेल्या पानांना तुझ्या पद्धतीने अंघोळ घातली आणि तुकडे नव्या बशांत मांडले. शेवटच्या पाण्याची बशी शेजारी ठेवली. तुकड्यांतून तीच बुरशी निघाली, तर काम नव्याने सुरू होईल. पुढे वर्षानुवर्षांच्या चाचण्या आहेत, आणि त्यांतून कदाचित काहीच हाती लागणार नाही. हे वाक्य मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं.

माझ्याकडून एवढं. सेल्वी बाळंतपणाला माहेरी गेली, तरी ज्याला पानं लागतील त्याला मी त्या भिंतीपर्यंत नेईन, आणि हेल्मेट काढून नेईन. औषध हा शब्द माझ्या हयातीत कोणी घाईने छापणार नाही. भिंतीवरची बुरशी मात्र मी पुसणार आहे, दादाला खोकला लागतो. पुसण्याआधी नीट बघून घेईन.

सोमवारी सेल्वी बशा उजेडात धरेल. तिने मला बोलावलं आहे. पानाच्या कापलेल्या कडेतून पांढरं काही डोकावतंय का, ते ती बघेल. मी आधी शेजारची बशी बघणार. ती कोरी असली, तर जे आलंय ते आतलं आहे.

तुझी,
वन्सं