मकबूल, तुझ्या अर्जाबद्दल

जामबाग, हैदराबाद
२८ ऑक्टोबर १९५६, रविवार

प्रिय मकबूल,

आज सुट्टी असून दफ्तरात गेलो. गुरुवारपासून आपलं राज्य तीन ठिकाणी वाटलं जाणार, म्हणून फायलींचीही वाटणी चाललीय. माझं नाव मराठी यादीत आहे. बुधवारी औरंगाबादची गाडी. घरची माणसं पुढे गेलीत. दुपारी परतलो तर दारात तुझी अम्मी बसलेली.

तुला जाऊन दीड वर्ष झालं. त्या दिवशी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. जनाज्याला जमलेली माणसं पाहिली आणि मागे फिरलो.

तुझ्या बहिणीला, झैनबला, शाळेत नोकरी मिळतेय. पण चौकशीच्या कागदावर कुणीतरी शेरा मारलाय : भाऊ रझाकार होता. अम्मी म्हणाल्या, "वो कैसा था, तुमकोच मालूम, बेटा. दो लफ्ज लिख के देव."

कसा होतास तू?

नवी खाकी घालून आमच्या ओसरीवर आलास. "कैसा दिखरौं, पंत?" मी म्हणालो, "नाटक कंपनीतला शिपाई!" आईसुद्धा हसली. दफ्तरात माझ्या शेजारच्या मेजावर बसणारा माणूस रोज कवायतीला जातोय, आणि मला हसू येत होतं! "मुल्क का सवाल है," म्हणालास. कुणाचा मुलूख, हे मी विचारलंच नाही.

मग तुझीच माणसं आमच्या गल्लीत शिरली, ती दुपार. तू आमच्या उंबऱ्यावर बसून आईबरोबर मेथी निवडत होतास. उठलाही नाहीस. "ये मेरी खाला का घर है," एवढंच म्हणालास, आईला मावशी करून. ती माणसं पुढे गेली. आईने हातातली जुडी खाली ठेवली. तू म्हणालास, "डरो नक्को, भाजी निवडो."

त्यानंतर आठवड्याने तू लॉरीत बसून जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावाकडे गेलास. चार दिवसांनी आलास तेव्हा कपड्यांना धुराचा वास होता. आईकडे तू पाहिलं नाहीस.

हिंदुस्थानची फौज आली, धरपकड सुरू झाली. तू दफ्तरात येऊन हळूच म्हणालास, "लिख के दे, वो चार दिन मैं शहर में था." मी काय उत्तर दिलं? "रीतसर दरख्वास्त दे, बघतो." आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी. नाही म्हणायचं धाडस नसलं की आम्ही अर्ज मागतो. तूही त्याच दफ्तरातला, तुला हे कळलं नसेल? तरी लिहिलास. वळणदार उर्दूत, खाली सही करून. मी तो गठ्ठ्यात बांधला. तुला धरून नेलं तेव्हाही तो गठ्ठ्यातच होता.

खोटं कसं लिहू, ही माझी सबब. पण मेथीच्या दुपारचं तर खरं होतं ना? ते लिहायला कुणी अडवलं होतं? तुरुंगातून तू खोकला घेऊन आलास. कोठी भागात रस्त्यात भेटलास, "कैसे हैं, साब?" म्हणालास. पंत नाही, साब! त्यापेक्षा शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

माझाही तुझ्यावर राग आहे, मकबूल. त्या गावातही कुणाची आई दारात बसली असेल. तिच्या उंबऱ्यावर कोण बसलं होतं? तू काय केलंस तिथे? मरताना तरी कुणाला सांगितलंस का?

आज मी अम्मींना "उद्या देतो" म्हणालो. त्या उठल्या, चपला घातल्या आणि शांतपणे विचारलं, "दरख्वास्त लगती क्या, बेटा?"

म्हणजे तू घरी सांगितलं होतंस.

उद्या सकाळी कागद मी स्वतः नेऊन देईन, हा शब्द. त्या दुपारचं सगळं लिहीन, माझ्या नावानिशी. त्या चार दिवसांपुढे मात्र 'मला माहीत नाही' असंच लिहिणार. यानं झैनबचं काम होईल की बिघडेल, सांगता येत नाही. पण आता बुधवारपर्यंत टाळून निघून जाणार नाही.

नळाला पाणी आलंय. भरायला घरात दुसरं कुणी नाही. घागर लावतो.

तुझा,
विनायक