प्रकाशची रेकॉर्ड

तुमसर, रविवार, २ सप्टेंबर १९८४

आमची रेकॉर्ड मुंबईहून आली एकदाची. पण प्रकाश नाही. गेल्या महिन्यात काविळीनं गेला. गाणं त्याचं, चाल त्याची, ती इलेक्ट्रिक गिटारही त्याचीच. मी नुसता गायलो.

संध्याकाळी बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन नाकाडोंगरीला त्याच्या आईकडे गेलो. घाईत सुई जरा पुढेच टेकवली. मावशीनं सगळं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "हा त तूच आहेस बाबू. माह्या पोराचा आवाज कुठी आहे?"

"ते करकर वाजून राहिलं ना मावशी, तोच प्रकाश."

"ते त तार आहे. तो कुठी बोलला?"

गिटारच्या त्या करकरीसाठी आम्ही स्टुडिओवाल्याशी किती भांडलो होतो! आता हिला काय सांगू?

मग आठवलं. गाण्याच्या आधी प्रकाशनं आम्हाला 'एक, दोन, तीन, चार' असा ताल दिला होता, आणि तो कापायचा राहूनच गेला होता. सुई अगदी सुरुवातीला ठेवली.

"बोलला!" मावशी ओरडली. "अजून लाव."

लावलं. पुन्हा लावलं. ते चार आकडे संपून माझं गाणं सुरू झालं की ती दरवेळी म्हणायची, "बस, आता राहू दे."

एवढं रक्त आटवून केलेलं गाणं, आणि तिला त्यातलं एवढंच हवं. वाईट वाटावं का मला? वाटलं नाही. रडू मात्र आलं.

प्लेअर तिच्याकडेच ठेवून आलो. निघताना सुई कशी टेकवायची ते शिकवलं. चारनंतर लगेच कशी उचलायची, तेही.