सातवीतली वैष्णवी

रविवार, संध्याकाळ

आज केजच्या बाजारात वैष्णवी भेटली. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकली. प्रश्न पुरा व्हायच्या आत "बाई, मी सांगते!" म्हणत बाकावर उभी राहायची. किती ओरडायचे मी त्यावरून! आज मात्र आईच्या मागं गप्प उभी.

आई म्हणाली, "सातवीत हाय आता. रोज सकाळी पोट दुखतं म्हणती. तुमच्याकडं होती तवा तापातबी पळत यायची."

आई भाजी घ्यायला पुढं गेल्यावर मी विचारलं, "कावून गं? अभ्यास अवघड जातो का?"

"न्हाई बाई. तिथं तासातासाला सर बदलतेत. माझं नाव कुणालाच ठाव न्हाई. 'ए खिडकीवाली' म्हणतेत."

एवढंच? पण एवढंच कसं म्हणू? लहानपणी मीही "मी सांगते!" म्हणून उड्या मारायचे. ते कधी बंद झालं, आता आठवतही नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मी म्हटलं, "शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपल्या शाळेत ये. पहिलीच्या पोरांना थांबवून ठेवते. त्यांना गोष्ट वाचून दाखव."

"मी? खरंच, बाई?"

एका शनिवारानं काय होणार, कोण जाणे. पण भाजी घेऊन गावाकडच्या जीपमध्ये बसलेल्या आईनं दोनदा हाक मारली, तरी ही आपली कुठली गोष्ट वाचायची तेच मला सांगत उभी होती.