चुन्याची एकवीस दिवसांची पट्टी

प्रिय याकोबदादा,

हे पत्र तुम्हाला पोहोचायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पोहोचलं असतं तरी तुम्ही ते मलाच वाचून दाखवायला लावलं असतंत आणि दुसऱ्याच ओळीला म्हणाला असतात, "भास्करराव, मुद्द्याचं बोला." तेव्हा मुद्दा आधी सांगतो. उद्या सकाळी नगरहून चौकशीचे अधिकारी येणार आहेत. कालव्यावरच्या पुलाची कमान का पडली आणि कमानीखाली तुम्ही का होतात, हे ते विचारणार. माझ्यासमोर टेबलावर एक कोरा ड्रॉइंग पेपर पसरला आहे. त्यावर मला एक खोटं काढायचं आहे. फूटपट्टी लावून, काळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात.

आज रविवार. कचेरी बंद आहे. चौकीदार बाहेर विडी ओढतोय. मार्थावहिनी देवळात गेल्या असतील. साहेब काल जाताना सांगून गेले, "सोमवारी नऊ वाजता नवा तक्ता भिंतीवर दिसला पाहिजे." हात चालत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

तो तक्ता पहिल्यांदा भिंतीवर लागला तो दिवस आठवतो का हो? साहेब नगरच्या लष्करी कामांवरून नुकतेच आपल्या ठेकेदाराकडे इंजिनिअर म्हणून आले होते आणि येताना हे नवं खूळ घेऊन आले होते. डावीकडे कामांची नावं, वर तारखा, मधे प्रत्येक कामाची आडवी पट्टी. जितके दिवस काम, तितकी लांब पट्टी. "याला गँटचा तक्ता म्हणतात," साहेब म्हणाले. "अमेरिकेत याच्यावर जहाजं बांधतात, गिरण्या चालवतात. लढाईतल्या गाड्यासुद्धा याच्यावर दुरुस्त होतात." मी मागून म्हणालो, "आता संगमनेरचा बैलगाडीचा पूल तेवढा राहिला होता." सगळे हसले. मला तेवढंच हवं असायचं.

तुम्ही गवंड्यांचे मिस्त्री, तुम्ही मात्र पुढे झालात. अक्षर एक येत नव्हतं तुम्हाला. पगाराच्या पत्रकावर आयुष्यभर अंगठा! आणि तरी तक्ता आम्हा सगळ्यांच्या आधी तुम्हीच वाचलात. "सोपं हाय की हे. रेघ लांब तर काम लांब. ही सरली की ही सुरू. आन् ही तांबडी उभी रेघ कशाची?" ती कालव्याला पाणी सुटायची तारीख होती. तुम्ही बराच वेळ त्या तांबड्या रेघेकडे बघत राहिलात.

मग तुम्ही रोज संध्याकाळी यायला लागलात. दिवसाचं काम झालं की आपल्या कामाच्या पट्टीवर, त्या तारखेच्या खाली, अंगठा टेकवायचा. सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळलेल्या चुन्याने माखलेला तांबूस अंगठा. साहेब चिडायचे, तक्ता घाण होतो म्हणून. मला ते ठसे आवडायचे, पण तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. तोंडावर बोलायला माझ्याकडे दुसरंच काहीतरी असायचं.

माझ्या पुतणीच्या लग्नाचा तक्ता काढला होता मी, तो तर विसरला नसाल! पत्रिका वाटणे, कंट्रोलची साखर मिळवणे, लाडू वळणे, आणि मुद्दाम एक पट्टी 'रुसवे-फुगवे, दोन दिवस'. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवला. हसून हसून तुमच्या हाताखालच्या गणपाला ठसका लागला. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "बाकी समदं ठीक हाय. रुसव्याची रेघ आखूड हाय, वाढवा." नवऱ्या मुलाचे मामा पाच दिवस रुसून होते. कोणती पट्टी दाबली तर दबते आणि कोणती दबत नाही, हे तुम्हाला कळत होतं. आम्हाला नुसती फूटपट्टी धरता येत होती.

आता त्या पट्टीचं सांगतो, जिच्यासाठी हे सगळं चाललंय.

लढाईमुळे सिमेंट मिळत नव्हतं, म्हणून कमान बैलाच्या घाणीत मळलेल्या चुन्यात बांधायची ठरली. शेवटचा दगड बसला की चुना धरेपर्यंत कमान तोलून धरणारी खालची लाकडी सेंटरिंग हलवायची नाही. तुम्ही सांगितलंत एकवीस दिवस, मी एकवीस दिवसांची पट्टी काढली. पण परतीच्या पावसाने खांबांचं काम लांबलं होतं. सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकल्या आणि चुन्याची पट्टी त्या तांबड्या रेघेच्या पार पलीकडे गेली. पाणी सुटणार, आणि सेंटरिंग कालव्याच्या पात्रात उभी! तक्ता खरं तेच सांगत होता. वरच्या कचेरीला एक पत्र लिहायचं होतं, की पाणी पंधरा दिवस पुढे ढकला. साहेबांना ते पत्र लिहायचं नव्हतं. नवीन माणूस, इथलं पहिलंच काम, आणि पहिल्याच कामात मुदत मागायची?

साहेब तक्त्यासमोर उभे होते, पेन्सिल दातांत. म्हणाले, "या एकवीस दिवसांत काम काय चाललेलं असतं?"

दादा, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंही होतंत. पण मी! गावच्या साप्ताहिकात विनोदी सदर लिहून दर आठवड्याला कुणाची तरी टोपी उडवणारा मी, म्हणालो, "साहेब, अख्ख्या साइटवर झोपून राहायचा हक्काचा धंदा एकट्या याकोबदादाच्या चुन्याला आहे. एकवीस दिवस गडी कूससुद्धा बदलत नाही!"

सगळे हसले. गणपा हसला. तुम्हीही हसलात. साहेबांना तर इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मग ते हसायचे थांबले आणि पुन्हा त्या पट्टीकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला: "झोपेची पट्टी आठ दिवसांची करा." झोपेची पट्टी! माझाच शब्द, माझ्याच टेबलावर परत आला. मी ब्लेड घेतलं आणि तेरा दिवसांची शाई खरवडून काढली. खरवडताना मी शीळ घालत होतो.

तुम्ही साहेबांकडे गेलात. मी शेजारच्या टेबलावर होतो, ऐकत होतो.

"साहेब, चुना झोपत न्हाई. त्याचं काम आतून चालतंय. दिसत न्हाई यवढंच."

"मिस्त्री, तुमचं म्हणणं मी ऐकलं. तुम्हाला जमत नसेल तर नगरहून दुसरा गवंडी आणतो. तो माणसं लावून अर्ध्या दिवसात सेंटरिंग उतरवेल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी टाक शाईत बुडवला.

आठ दिवस तुम्ही रोज सांध्यात नख रोवून बघत होतात आणि रोज संध्याकाळी अंगठा टेकवत होतात. नवव्या दिवशी सकाळीच आलात. पट्टी तर आठव्या दिवशी संपलेली. तुम्ही तिच्या पुढे, खरवडलेल्या रिकाम्या जागेवर अंगठा टेकवलात. दाबून.

मी म्हणालो, "दादा, रेषेबाहेर गेलात! आठ दिवस संपले. तुमच्या चुन्याला वाचता येत नाही का?"

"चुन्याला न्हाई येत, भास्करराव. तुमाला येतंय ना?"

एवढंच बोललात. रागाने नाही, पाणी आहे का माठात, असं विचारावं तसं. नख पुढे केलंत. त्यात ओला चुना होता. मी तो बघितला, आणि 'बघू' म्हणालो. काय बघणार होतो मी?

पुढचं मला गणपाने सांगितलं. आठजण सेंटरिंगखालच्या पाचरी काढायला पात्रात उतरले होते. तुम्ही सगळ्यांना वर पाठवलंत. गणपा हटून बसला तेव्हा त्याला शिवी हासडलीत म्हणे! आयुष्यात पहिली. "चल ए, वर व्हय! पाचरी मी काडतो. मी बांदलीय, तिला मी वळखतो." तीन पाचरी निघाल्या, चौथीला कमान खाली आली. आम्ही दगड उपसून तुमच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. थापी तुमच्या कमरेलाच होती.

एक विचारू? रागवू नका. तुम्ही थापी साहेबांच्या टेबलावर टाकून घरी का गेला नाहीत? गेला असतात, तर नगरचा गवंडी आला असता, आठजणांना घेऊन खाली उतरला असता... हो. कळलं. उत्तर माझं मलाच मिळालं. तरीही मी तुमच्यावर रागावलोय, दादा. माणसाने इतकं शहाणं असू नये, की मागे राहिलेल्यांना दोष द्यायला दुसरं कुणीच उरू नये.

आता साहेबांचं गणित ऐका. जुना तक्ता पावसात भिजून खराब झाला, असं सांगायचं. नव्या तक्त्यात चुन्याची पट्टी पुरती एकवीस दिवसांची. म्हणजे आमचं नियोजन चोख होतं. मिस्त्रीनेच घाई केली, कुणाला न विचारता नवव्या दिवशी पाचरी काढल्या. "आणि थोडी घेतलेली असेल," असंही साहेब काल हळूच म्हणाले. तुम्ही! देवळातल्या द्राक्षरसाच्या घोटालाही तोंड वाकडं करणारे!

गंमत म्हणजे, तुम्ही जिवंत असताना ती पट्टी आखूड करायला सांगितली, आणि आता तुम्ही गेल्यावर तीच लांब करायला सांगतायत. दोन्ही वेळा हात माझाच.

परवा मार्थावहिनी कचेरीत आल्या होत्या, तुमचा ओळंबा आणि थापी न्यायला. थापी पदरात गुंडाळली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"भास्करराव, लोक म्हनत्यात ह्यांनी घाई केली. खरं हाय का ओ? सौंसारात कदी घाई केली न्हाई ह्या मानसानं. लग्नाला सुदिक उशिरा आलं, पाळकसायेब ताटकळत हुते."

त्या हसल्या, दादा. हसता हसता थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एरवी चार माणसांत ज्याच्या जिभेला हाड नाही तो मी, म्हणालो, "चौकशी चालू आहे, वहिनी." चौकशी चालू आहे! एखाद्या परक्या कारकुनाने सांगावं तसं.

त्या गेल्यावर मी जुना तक्ता कपाटामागून काढला. तो भिजलेला नाही. उजेडासमोर धरला. तेरा दिवसांच्या जागेवर कागद इतका पातळ झालाय की पलीकडची खिडकी दिसते. त्याच्या अलीकडे तुमचे आठ ठसे ओळीने, आणि त्या पातळ जागेवर नववा. नवा तक्ता कितीही सुबक काढला तरी हा अंगठा मी कुठून आणू?

तुमच्या थडग्याचा ओटा गणपाने आणि बाकीच्यांनी बांधलाय, चुन्यातच. नावाचा दगड घडवून तयार आहे, पण अजून बसवलेला नाही. मी गणपाला विचारलं, "कधी बसवणार?" तो म्हणाला, "चुना सांगल तवा." माझ्याकडे बघून नाही म्हणाला. तो माझ्याकडे आता बघत नाही.

तेव्हा मी कबूल करतो ते असं. उद्या नऊ वाजता भिंतीवर जुनाच तक्ता असेल. नोकरी जाईल, जाऊ दे. हुकूम साहेबांचा होता, ब्लेड माझं होतं, दोन्ही सांगेन. त्याच्याही आधी तो विनोद सांगेन, शब्दाला शब्द, कारण कमान तिथून ढासळायला लागली. पण अधिकाऱ्यांना उद्या. मार्थावहिनींना आजच. पहिला प्रश्न त्यांनी विचारला होता. त्या देवळातून परतताना या रस्त्यानेच जातात. मी दारात उभा राहीन आणि 'झोपून राहायचा हक्काचा धंदा' हे शब्द त्यांच्या तोंडाकडे बघत उच्चारीन.

आणि नावाचा दगड बसवायच्या दिवशी मी येईन, दादा. आधी ओट्याच्या सांध्यात नख लावून बघेन. आणि त्या दिवशी एक शब्दही बोलणार नाही.

तुमचा,
भास्कर