उजव्या हाताची पहिली चिठ्ठी

झाग्रेब, रुग्णालयातून

लाडके दिंका,

अक्षर बघून दचकू नकोस, उजव्या हाताने लिहितोय! खाणीत दगडाखाली चिरडलेल्या, डॉक्टरांनी शिवलेल्या त्याच हाताने! दोन बोटं अजून बधिर आहेत, पण त्याचं विशेष काही नाही.

व्यायाम करून घेणाऱ्या नेवेंकाबाई रोज मला मुळाक्षरं गिरवायला लावायच्या. मी कुरकुरलो तशा म्हणाल्या, "मग आभाराची चिठ्ठी लिहा! कुणीतरी वेळेत पोचवलं म्हणून हात वाचला ना?"

पोचवलं फ्रानेने. बांधाच्या भांडणापासून ज्याच्याशी मी बोलत नव्हतो, त्याने बेटावरून सुटलेली आपली बोट माझ्यासाठी परत धक्क्याला लावली.

अख्खी सकाळ खपून मी लिहिलं, 'फ्राने, तुझ्यामुळे हात वाचला. तुझे उपकार आहेत.'

आणि काल त्याचा फोन! "बार्तुल, कागदावर कोंबडी नाचवलीस का रे?"

"तुझ्यासाठी एवढं अक्षर पुरे," मी म्हणालो. मग दोघं इतके हसलो की नर्स धावत आली.

त्याच्या आईने ती चिठ्ठी मारियामातेच्या तसबिरीशेजारी लावलीय म्हणे! शनिवारी तो माणसं घेऊन आपले ऑलिव्ह उतरवायला येतोय. तू एकटीच शिडीवर चढतेस, हे मला त्याच्याकडून कळावं? गुडघा कसा आहे? खरं सांग.

शनिवारी सगळ्यांना पोटभर जेवू घाल. आणि फ्रानेला माझ्या खुर्चीत बसव.

तुझा, दोन्ही हातांचा,
बार्तुल