म्हशीसकट बदली

प्रिय आत्ती,

तुम्ही असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. शेंगा सोलता सोलता दोन मिनिटांत निकाल लावून मोकळ्या झाला असता! तुम्हाला जाऊन येत्या संक्रांतीला वर्ष होईल, आणि इकडं तुमच्या सुनेला दुसरी बढती आलीय. बदली थेट रांचीला! हो की नाही ते उद्या बँकेला कळवायचंय. तुमचा लेक म्हणतो, "तुझं तू ठरव." असं कुणी बोलतं का हो? हे काही तुमचं वळण नाही.

म्हणून सारखी पहिली बदली आठवतेय. चंद्रपूरकडचा तालुका, काखेत दीड वर्षाची सई, आणि यांना कागलची एमआयडीसीतली नोकरी सोडता येईना. वडगावच्या आपल्या सोप्यात भावकी जमली. सगळ्यांचं एकच, "बाईमाणसानं एकटीनं एवढ्या लांब? नको म्हणून कळवून टाक." मी आपली मान खाली घालून बसलेली. तुम्ही शेणाचे हात धुऊन आत आलात आणि म्हणालात, "एकटी कशापायी? मी जाती की तिच्यासंगं! पर चंद्री बी येणार."

चंद्री म्हणजे तुमची म्हैस! मला आधी रडू आलं, मग हसू. "अहो आत्ती, म्हैस घेऊन बदलीवर कोण जातं?" तर म्हणे, "मग माझ्या नातीला काय पिशवीतलं दूध पाजू? जीव गेला तरी न्हाय!" झालं. रेल्वे राहिली बाजूला आणि शेजारच्या बाळूचा ट्रक ठरला.

काय थंडी होती हो ती! पुढं केबिनमध्ये बाळू, मी आणि सई. मागं गाद्या, भांडी, कडब्याच्या पेंढ्या, चंद्री आणि तिच्याशेजारी तुम्ही. "ती एकटी बिचकंल," म्हणालात. स्वतःची वाकळ तिच्या पाठीवर टाकलीत आणि आपण नुसत्या शालीवर. बाळू घडीघडी गाडी थांबवून विनवायचा, "काकू, पुढं या की ओ, गारठून जाशीला!" तुम्ही त्यालाच दम भरायचात, "तू म्होरं बघून चालीव."

लातूरच्या अलीकडं दिवस कलला आणि चंद्री ओरडायला लागली. धारेची वेळ! तुम्ही एका ढाब्यापुढं ट्रक उभा करायला लावलात, फळीवरून तिला उतरवलंत आणि बादली घेऊन तिथंच बसलात. ढाबेवाला पळत आला. "आजी, हे काय मांडलंय इथं?" तुम्ही वरसुद्धा बघितलं नाही. "पावणं, म्हशीला गाव कळत न्हाय, येळ कळती. गिलास आणा."

आपल्याकडं कोल्हापुरात दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकापुढंच धार काढून देतात तसं, थेट धारेचं फेसाळ दूध सगळ्या ढाब्याला पाजलंत. एक पंजाबी ड्रायव्हर लाजून लांब उभा होता, त्यालाही सोडलं नाहीत. "पियो की! पानी नई हाय उसमें." आणि त्या ढाबेवाल्यानं सईला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करून भरवली. मी बघतच राहिले. घरातून निघाल्यापासून काही खाल्लं नव्हतं, तिथं मीही एक गिलास मागून घेतला.

घरमालकाला मी फोनवर "दोन बायका आणि एक लेकरू" एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फाटक उघडलं आणि बघतो तर ट्रकात शिंगं! बिचारा अर्धं फाटक धरूनच उभा राहिला. तुम्ही वरूनच हाक दिलीत, "पावणं, जरा मोठं उघडा की!" आठवड्याभरात त्यानंच चंद्रीला छप्पर घालून दिलं.

दोन पत्र्याच्या खोल्या. मी म्हणायचे, तात्पुरतं घर आहे, कशाला एवढा पसारा? तुम्ही अंगण सारवायचात, उंबऱ्याला हळद-कुंकू लावायचात. "आज हितंच निजायचं हाय न्हवं? मग हेच घर." दोन वर्षं राहिलो आपण. परत निघालो तेव्हा अख्खी गल्ली रडत होती, आणि कोल्हापुरी शिव्या तर सगळ्यांना पाठ!

पण एका गोष्टीचा मला राग आहे, आत्ती. खरंच राग आहे. तुमचं दिवसकार्य झाल्यावर यांनी सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी गोठ्यात यांचा हात धरून तुम्ही रडला होता. "मला लई भ्या वाटतंय रं. जोतिबाच्या डोंगरापल्याड मी कवा गेल्ये? पर तिला सांगू नगंस, न्हायतर ती ऱ्हाईल."

का नाही सांगितलंत मला? चंद्री नेली ती सईच्या दुधासाठी, की जिच्या गळ्यात पडून रडता येईल असं कुणीतरी सोबत हवं होतं म्हणून? मी होते की हो पुढं! मला वाटत होतं, घाबरलेली मी एकटीच.

सई आता सातवीत आहे. काल विचारत होती, "आई, रांचीत आपलं कोण आहे गं?" मी विषय बदलून तिला दप्तर भरायला लावलं.

उद्या मी 'हो' कळवते. तुम्ही गाडीत चढलात, तशी मीही चढेन, हा शब्द देते. पण तुमचं एवढं एक ऐकणार नाही. कोपऱ्यात जाऊन एकटी रडणार नाही. सईचा हात धरून तिला सांगणार आहे, "बाळा, मला लई भ्या वाटतंय. चल, जाऊ या."

तुमचीच सून,
वैशाली