खिशातले पिवळे तांदूळ

सौंदड,
१३ एप्रिल २००८

प्रिय योगेश्वरी,

तुझं पत्र मिळालं. दोन पानांत तीनदा 'वाया गेलं' लिहिलं आहेस. आमच्या कॉन्व्हेंटात एकच रडगाणं दुसऱ्यांदा गायलं की सिस्टर वर्गाबाहेर उभं करत. तू पुण्यात आहेस म्हणून वाचलीस.

मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, पण तुझं कायनेज आमच्या पुस्तकात दोन ओळींपुरतंच होतं. म्हणून सावकाश वाचलं. पेशीत निरोप पुढे पोचवणारं एक प्रथिन. माणसाचं जनुक जिवाणूत घालून ते बनवलंस, तर त्याचे नुसते गोळे झाले. मग किड्याच्या पेशींत बनवलंस, तेव्हा ते कामाला लागलं. आता सरांनी त्याचंच मुद्दाम निकामी केलेलं रूप बनवायला लावलं. प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा बदललेला, दिसायला हुबेहूब, काम शून्य. काहीच न करणाऱ्या वस्तूपायी वर्ष गेलं, याचा तुला अपमान वाटतो. मला तुझ्या त्या वाटण्याचाच राग आला.

इकडे मोहफुलं वेचून झाली. शेजारच्या शामकलाने अंगणभर वाळत घातली आहेत, घरात दुसरा वास येत नाही. तुझ्या बाबांनी तिरोड्याच्या खुमेंद्रचं स्थळ पक्कं करत आणलंय आणि तू फोनवर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालीस, हेही मला तिच्याकडूनच कळलं. तुझ्या पत्रात त्याचं अवाक्षर नाही. खुमेंद्र मुलगा चांगला आहे. वाईट असता तर हे पत्र सोपं झालं असतं. त्याची आई मला म्हणाली, "लगन झाल्यावर त्या शिशा-बाटल्या कायले पायजे पोरीले?" मी विचारलं, लग्नानंतर तुमचा मुलगा दुकान बंद करणार आहे का? बाईंनी चहा अर्धा ठेवला. चांगला झाला होता चहा.

काल हुकुमचंद आला. तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊच तो, उंबऱ्यातच चप्पल सोडून अडखळला. बसला आणि म्हणाला, "बाई, पोरगी तिथं करून काय राहिली? मले समजल असं सांग न वो." मी सांगितलं, आपल्याकडे लग्नाचं बोलावणं द्यायला माणूस पिवळे तांदूळ घेऊन दारोदार फिरतो. तांदूळ हातात पडले की ते घर हलतं, आणि पुढच्या घराला हलवतं. तो तांदूळ देणारा म्हणजे कायनेज. आता तोच माणूस, तोच सदरा, दारात आला, बसला, चहा प्यायला, पण तांदूळ दिलेच नाहीत, तर लग्नाला कोणी उठेल का? तेव्हा कळतं की घरं तांदळाने हलतात, माणूस नुसता येऊन गेल्याने नाही. पोरगी असा रिकाम्या हाताचा माणूस बनवून राहिली. तो नसेल तर खऱ्याची खात्री कशी पटायची?

त्याने चहाचा कप उचलला. मग म्हणाला, "म्हंजे वाया नाही गेलं." नाही, म्हटलं. "फोनवर आवाज बारीक होता तिचा," म्हणाला. मी म्हटलं, मग मला काय सांगतोस, तिला विचार. चहा संपवून उठला, तेव्हा त्याच्या सदऱ्याचा खिसा मला दिसला. हळदीने पिवळा झालेला. पहिलं बोलावणं मोठ्या बहिणीला, म्हणून आला होता. न देताच गेला.

फोन केला असता तर तू 'बरं आत्या' म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहिते आहे. खुमेंद्र तुला खरंच आवडला असेल तर खुशाल लग्न कर, सौंदडभर तांदूळ मी वाटीन. पण दमल्यामुळे होकार देऊ नकोस. अजून एकाही घरात बोलावणं गेलेलं नाही. तुझा बाप तू काय म्हणतेस याची वाट बघतोय, आणि ते तो आपणहून विचारणार नाही. तेव्हा हे पत्र ठेव आणि त्याला फोन कर. मोठ्या आवाजात बोल.

तुझीच,
प्रेमिला आत्या